खाल्लेलं अंगी लागतं, पण कुठे?

२००९ साली मी अकरा महिन्यांत १७ किलो वजन वाढवलं. ६१ वरून थेट ७८. वय सत्तावीस, टिळक रस्त्यावरच्या एका सीएंच्या ऑफिसात नोकरी, आणि डोक्यात एकच खूळ: डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं, शंभर किलोच्या वर न्यायची. मी जायचो त्या जिममधल्या ट्रेनरचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. ‘‘सर, ताकद पायजे ना? मग वजन पायजे. काय खाताय ते बघू नका, फक्त खात ऱ्हावा.’’ मी आज्ञाधारक. सकाळी सहा अंडी, दुपारी डबा, चार वाजता ऑफिसखाली दोन वडापाव, रात्री जेवण झाल्यावर लिटरभर दुधात चार केळी आणि वर मास गेनरचे, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचे, दोन मोठे चमचे. आई खूश होती. जन्मात पहिल्यांदा मी ताट चाटूनपुसून उठत होतो.

ताकद वाढली, हे आधी कबूल करून टाकतो. डेडलिफ्ट ८० वरून १४० वर गेली, बेंच (बाकावर उताणं झोपून छातीवरचा बार वर ढकलणं) ४५ वरून ७५ वर. पण त्याच वर्षात पुलअप, म्हणजे दांडीला लटकून स्वतःला वर ओढणं, नवावरून तीनवर आले. दिवाळीआधी पँट शिवायला टाकायला गेलो, तर आमच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या शिंप्याने टेप गुंडाळत जुनी वही काढली, दोन्ही मापं शेजारी शेजारी लिहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खांद्याला एक इंच. कमरेला सहा. तो काही बोलला नाही, पुण्यातल्या शिंप्याला बोलावं लागत नाही.

त्याच हिवाळ्यात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. आधी पन्नास मिनिटांत वर पोचणारा मी, सव्वा तासाने पुणे दरवाज्यात बसून धापा टाकत होतो. घरच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे त्याहूनही जास्त ओझं घेऊन मी गड चढलो होतो आणि ते ओझं खाली ठेवायची सोय नव्हती.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, उंची पाच फूट आठ इंच, चार महिन्यांपूर्वी वजन ५४. जिमला जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. एक दिवस जिन्यात गाठून त्याने विचारलं, ‘‘काका, बल्क करू की लीन राहू?’’ त्याच्या जिममध्ये म्हणे दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, आधी हत्तीसारखं खा, चरबीचं नंतर बघू. दुसरा म्हणतो, पोटावरचे कट, म्हणजे स्नायूंच्या रेघा, गेले तर मेहनतीचा उपयोग काय? त्याला माझ्याकडून एक शब्द हवा होता. मी दिला नाही, कारण ‘वजन वाढवावं की नको’ हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. आपल्याकडे ‘अंगी लागणं’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. आजी विचारायची, ‘‘एवढं खातोस, अंगी का लागत नाही?’’ माझ्या अंगी लागलं होतं की! कुठे लागलं, ते आजीने नाही, शिंप्याने मोजलं.

वजनवाल्या पक्षाची बाजू आधी मांडतो, कारण ती खोटी नाही. स्नायू किती जोर लावू शकतो हे बरंचसं त्याच्या जाडीवर ठरतं. दोरखंड जाड तितका तो जास्त ओढ सोसतो, तसंच. जाडी वाढायची तर माल लागतो, आणि पोट कायम उपाशी असेल तर शरीर नवं बांधकाम काढत नाही. शिवाय नुसत्या आकारमानाचाही फायदा होतो. छाती-पाठ जाड झाली की बेंच करताना बारला खालून वर कमी अंतर कापावं लागतं. स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढताना, भरलेलं पोट कमरेच्या पट्ट्याला आतून टेकतं आणि कणा सावरला जातो. कुस्तीपासून वेटलिफ्टिंगपर्यंत सगळीकडे वजनी गट पाडावे लागतात ते उगाच नाही. सारख्याच तयारीच्या दोघांत जड माणूस जास्त उचलतो.

पण किती जास्त? इथे हिशेब बघण्यासारखा आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू ६० किलो गटात उतरला. उंची पाच फुटांच्या आत. त्याने क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) १९० किलो डोक्यावर नेले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाचा लाशा तलाखाझे उंचीला साडेसहा फुटांच्या घरात आणि वजनाला १८० किलोच्या आसपास. त्याने २०२१ मध्ये त्याच प्रकारात २६७ किलो उचलले, आणि एवढं स्पर्धेत त्याआधी कुणीच उचललं नव्हतं. वजन जवळपास तिप्पट, उचललेला भार दीडपटसुद्धा नाही. शरीर सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठं झालं, तर स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे त्याचा जोर, चौपट होतो पण वजन आठपट. हा भूमितीचा नियम आहे, कुठल्याही खुराकाने तो वाकत नाही. जड माणूस एकूण जास्त उचलतो. हलका माणूस स्वतःच्या मानाने जास्त उचलतो. मग ‘ताकदवान कोण?’ या प्रश्नाचं उत्तर, तुम्ही ताकद कशाला म्हणता यावर आलं.

आणि पुण्याने या दोन्ही गोष्टींना ताकद म्हटलेलं आहे. या शहराच्या पेठांत एकीकडे तालमी आहेत: चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, जगोबादादा तालीम. दुसरीकडे मल्लखांब आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब नावाचे दोन धिप्पाड पैलवान आले, त्यांनी लढायला या असं आव्हान दिलं, कुणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर उभे राहिले, अशी गोष्ट सांगतात. त्यांनी लाकडी खांबावर उड्या, पकडी, तिढे यांचा सराव केला आणि एकाला चीत केलं. दुसरा लढलाच नाही. गोष्टीतलं दंतकथेचं पाणी काढून टाकलं तरी एक गाळ खाली राहतोच: मल्लखांब ही मुळात कुस्तीसाठी केलेली मेहनत, आणि तिच्यात पोट सुटलेल्या माणसाला जागा नाही. महाराष्ट्रीय मंडळासारख्या १९२४ पासूनच्या संस्थेत आजही दहा-बारा वर्षांची पोरं खांबावर अशी चढतात की आपल्याला आपल्याच हातांची लाज वाटावी. त्यातल्या एखाद्याला बेंचवर झोपवून ६० किलो द्या, जमणार नाही. तो कमजोर आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही.

तरी समाज म्हणून आपला डोळा आकारावरच जातो. महाराष्ट्र केसरीचं उदाहरण घ्या. राज्यातला सगळ्यांत मोठा कुस्तीचा मान, १९६१ पासूनचा. स्पर्धेत ५७ किलोपासूनचे सगळे वजनी गट लढवले जातात, पण केसरीची गदा फक्त खुल्या गटाला, आणि खुला गट म्हणजे ८६ ते १२५ किलो. नाव खुला, पण दाराशी काटा ठेवलेला. १९५२ ला हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात. पुण्यात घडलेल्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं, तेही ५७ किलोतच. या दोघांनाही आजच्या नियमाने केसरीच्या आखाड्यात उतरता आलं नसतं. मोठ्या पैलवानांचा मान काढून घ्या असं मी म्हणत नाही. २०२३ च्या जानेवारीत कोथरूडला झालेली शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड यांची अंतिम लढत पाहायला लोटलेली गर्दी काही उगाच जमली नव्हती. एवढी मोठी शरीरं इतक्या चपळाईने हलताना पाहणं हा थरारच असतो. पण हलक्या गटांसाठी तितक्याच तोलामोलाची दुसरी गदा का नसावी? गावोगावच्या पोराला जेव्हा दिसतं की ६१ किलोच्या विजेत्याला गदा मिळत नाही आणि सव्वाशे किलोचा गदा नि चारचाकी घेऊन घरी जातो, तेव्हा ते पोर वजन वाढवायच्या मागे लागणारच. तिथूनच ही समजूत जिममध्ये येते.

येताना ती अर्धीच येते, हा खरा घोळ. तालमीतून आम्ही खुराक उचलला आणि मेहनत तिथेच ठेवली. लहानपणी दोन वर्षं मी पेठेतल्या तालमीत जायचो. पहाटे साडेचारला हौद्यातली माती उकरायची. त्या तांबड्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू पडलेलं असायचं. तो आंबूस वास अजून नाकात आहे. मग जोर, मग बैठका, मग लढती. मोठे पैलवान हजार-हजार बैठका मारायचे आणि संध्याकाळी पुन्हा यायचे. त्यानंतर बदाम-खसखशीची थंडाई, तूप, मटण. आमचे वस्ताद नव्या पोराला महिनाभर थंडाईला हातही लावू द्यायचे नाहीत. ‘‘आधी घाम दाखव. खुराक मेहनतीच्या मागनं चालतो.’’ त्याच तालमीत कट्ट्यावर दोन-तीन जुने पैलवान बसायचे. मेहनत कधीच सुटलेली, खुराक चालूच. गुडघे गेलेले, पोट मांडीवर. आम्हाला त्यांच्या मोठमोठ्या कुस्त्यांच्या गोष्टी ऐकायला आवडायच्या, म्हणून त्या पोटाकडे लक्ष गेलं नाही. आज पाच तास मेहनत करणाऱ्याचा खुराक आठवड्याला चार तास व्यायाम करणारा माणूस पितो, आणि उरलेला वेळ हिंजवडीत खुर्चीवर असतो.

आता ज्या गोष्टीमुळे माझं मत पक्कं झालं, ती सांगतो. ती याच शहरातली आहे, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातली. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर वर्षानुवर्षं संशोधन करत आले आहेत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघं शेजारी शेजारी, अंगकाठी साधारण एकसारखी. उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळायचे. याज्ञिकांनी स्वतःबद्दल मिश्कीलपणे सांगितलं की आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी पळत ती गाठणं. स्वतःच्या चरबीचा आकडा जगापुढे मांडायला पुणेरी मोठेपणा लागतो.

मुद्दा गमतीचा नव्हता. काट्यावर सारखे दिसणारे दोघे आतून अगदी वेगळे असू शकतात. आणि हे मोठेपणी खाण्यापिण्याने घडतं एवढंच नाही. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी पावणेतीन किलोंच्या आत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंच्या आसपास. आपली बाळं प्रत्येक मापात लहान होती, दंड बारीक, पोट लहान, स्नायू कमी. फक्त एक गोष्ट त्या मानाने फारशी कमी नव्हती: पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी. दिसायला बारीक, आतून चरबीदार. या ठेवणीवर पुढे भराभर वजन चढलं की मधुमेहाची वाट सोपी होते.

हा अभ्यास जिममध्ये बार उचलणाऱ्यांवरचा नाही, हे मला ठाऊक आहे. पुढचा निष्कर्ष माझा आहे. ‘रोज पावणेचार लिटर दूध पी आणि स्क्वॉट मार’ हा सल्ला अमेरिकेतून आला. तिथे तो कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या, रुंद हाडापेराच्या, जन्मापासून स्नायूंची पुंजी बाळगून असलेल्या पोराला दिला जातो. तो सल्ला जसाच्या तसा सदाशिव पेठेत उतरवला की त्याचं जे होतं, ते माझं झालं. आपल्या अंगात माल येतो त्या वेगाने गवंडी काम करत नाहीत. उरलेला माल पोटाच्या गोदामात. माझी उंची १७० सेंटीमीटर. ७८ किलोला बीएमआय २७ झाला. आपल्याकडे २३ च्या वर वजन जास्त मानतात आणि २५ च्या वर स्थूलता. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर गेली की धोका, बाईची ८० च्या वर. माझी छत्तीस इंच म्हणजे ९१. त्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १०८ आली. डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम करता का? मी अभिमानाने १४० ची डेडलिफ्ट सांगितली. त्यांना ती काय असते ते माहीत नव्हतं, पण त्यांनी १०८ खाली लाल रेघ मारली.

एवढं सगळं वाचून लीनवाले खूश होतील, तर त्यांनी जरा थांबावं. त्यांचं खूळ मला जास्त घातक वाटतं, कारण ते शहाणपणासारखं दिसतं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पोराच्या जिमवहीत मी पाहिलं. पहिल्या तीन महिन्यांत स्क्वॉट ३० वरून ५० आणि मग तीन महिने ५० वरच ठाण मांडून. सुरुवातीची वाढ फुकट मिळते. पहिले काही आठवडे स्नायू फारसे वाढत नाहीत, मज्जासंस्था आहे तेच स्नायू नीट कामाला लावायला शिकते. तो बोनस संपला की मग बांधकाम हवं, आणि ५४ किलोचा, पाच फूट आठ इंचांचा मुलगा पोटावरचे कट जातील म्हणून रात्री अर्धपोटी उठतोय. तिथे तोच ट्रेनर परवडला जो म्हणतो ‘खात राहा’.

त्याचं ताट मोजायला बसलो. सकाळी पोहे, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी चहा-बिस्कीट, रात्री वरण-भात. अंगाला ताकदीसाठी दर किलो वजनामागे साधारण दीड ते पावणेदोन ग्रॅम प्रथिनं लागतात असं धरलं, तर याला नव्वदच्या आसपास हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम. वाटीभर वरणात पाच-सहा, तेही वरण दाट असेल तर; आमच्याकडचं वरण किती दाट असतं ते आपण सगळेच जाणतो. लिटरभर दुधात तीसच्या वर. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. त्याची बेरीज ओढूनताणून चाळीसवर गेली. मुळा-मुठेच्या काठच्या शाकाहारी घरात ताकदीचं घोडं अडतं ते इथे, आणि ‘बल्क की लीन’ हा वाद त्यावर पांघरूण घालतो. त्याची आई म्हणाली, ‘‘अहो, साबुदाण्याची खिचडी खातो की भरपूर.’’ मी गप्प बसलो. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, हे पुण्यात कुणाच्या घरी बसून सांगायची गोष्ट नव्हे.

बायकांच्या बाबतीत ही वजनाची भीती आणखी खोल गेलेली आहे. माझी बायको चार वर्षांपूर्वी, चाळिशीच्या तोंडावर, बार उचलायला लागली. दीड वर्षात तिचं वजन तीन किलोंनी वाढलं आणि कंबर एक सेंटीमीटरने उतरली. दंडात ब्लाऊज घट्ट झाले. नातेवाइकांत चर्चा सुरू झाली, ‘‘जिमला जाऊनही वजन वाढलंच की हिचं.’’ तिला स्वतःलाही काट्याचा आकडा बघून दोन रात्री झोप आली नाही, हे तिने मला फार नंतर सांगितलं. आज ती ७० किलोची डेडलिफ्ट करते आणि गादी एकटी उचलून गच्चीवर उन्हात घालते. ती थांबली असती, तर काट्याच्या त्या तीन किलोंपायी थांबली असती. मीराबाई चानूने एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला ४९ किलो गटात ११९ किलो डोक्यावर नेले, तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. त्या बाईच्या मांड्या टीव्हीवर पाहिल्यात का? त्या ‘लीन’ राहून झालेल्या नाहीत.

वजनी गटात लढणाऱ्यांची गोष्ट निराळी, त्यांना आकडा सोडता येत नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अंतिम फेरीतून बाद झाली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने कांस्यपदकाच्या लढतीआधी रात्रभर जागून साडेचार किलोंच्या वर वजन उतरवलं. तो त्यांचा धंदा आहे आणि त्याची किंमत ते जाणून मोजतात. आपल्याला कुणी तराजूवर उभं करून बाद करणार नाही. मग आपण त्यांच्यासारखं आकड्याला का भ्यायचं?

तर माझं म्हणणं हे, आणि ते दोन्ही पक्षांना आवडणार नाही. ताकद हवी असेल तर वजन वाढू द्यावं, पण शरीर ज्या वेगाने स्नायू बांधतं त्याच वेगाने. आणि तो वेग आपल्या हौसेपेक्षा फार कमी आहे. नव्या, तरुण, बारीक माणसाने महिन्याला अर्धा किलो, फार तर पाऊण. म्हणजे वर्षाला सहा ते नऊ. मी अकरा महिन्यांत १७ चढवले, त्यातले निम्मे गवंड्यांनी वापरले असं उदारपणे धरलं, तरी बाकीचे निम्मे मी पुढची दोन वर्षं उतरवत बसलो, आणि उतरवताना डेडलिफ्टही १२० वर आली. जमाखर्च मांडायचा माझा पेशाच असल्यामुळे सांगतो, हा व्यवहार तोट्याचा होता.

आणि ज्याच्या पोटावर आधीच साठा आहे, त्याने मास गेनरच्या डब्याकडे फिरकूच नये. त्या डब्यात बहुतेक माल म्हणजे साखरेसारखाच भराभर पचणारा पिठूळ कर्बोदक पदार्थ; प्रथिनं त्या मानाने थोडी. पस्तिशीतला, ८२ किलोचा, नुकताच व्यायामाला लागलेला माणूस प्रथिनं नीट घेत असेल, रात्री वेळेवर झोपत असेल आणि बारवर थोडं थोडं वजन चढवत असेल, तर अंगावरच्याच साठ्यातून बांधकाम काढू शकतो. त्याची ताकद वाढते आणि कंबर उतरते, दोन्ही एकदम. याउलट दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने दूध, केळी, शेंगदाण्याचे लाडू, अंडी, जे घरात चालेल ते, पोट भरून वर दोन घास जास्त खावं आणि कट विसरावेत. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पोटाचे कट दिसणं म्हणजे बऱ्याचदा नुसतं पोट रिकामं असणं.

जिमवाल्यांकडून माझी अपेक्षा फार नाही. दारात काटा आहे, त्याच्या शेजारी एक टेप टांगा. शिंप्याकडे मिळतो, दहा-वीस रुपयांत. महिन्याला एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा आणि त्याच पानावर स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुलअप लिहा. बार वर चाललाय, पुलअप टिकून आहेत आणि कंबर जागेवर आहे, म्हणजे खाल्लेलं योग्य जागी लागतंय. बार वर आणि कंबरही वर, म्हणजे दूध थोडं कमी. बार जागेवर आणि कंबरही जागेवर, म्हणजे ताट वाढवा. एवढं करायला ट्रेनरला कुठला कोर्स लागत नाही. पण डबे विकण्याचं कमिशन टेपवर मिळत नाही, ही अडचण मी समजू शकतो.

आमच्या पोराने आईच्या शिवणाच्या पेटीतून टेप उचलला. पहिली नोंद: वजन ५४, कंबर ७१ सेंटीमीटर, स्क्वॉट ५०, पुलअप ६. तीन महिन्यांनी: वजन साडेपंचावन्न, कंबर ७१, स्क्वॉट ६७.५, पुलअप ८. त्याचा चेहरा पडलेला. ‘‘काका, दीडच किलो?’’ त्याच्या मित्राने त्याच तीन महिन्यांत सात चढवलेत म्हणे. मी त्या मित्राची कंबर विचारली. ती कुणी मोजली नव्हती.

गेल्या रविवारी तो मित्रही आला होता, आम्ही तिघं पहाटे आतकरवाडीला गाडी लावून चढायला लागलो. अर्ध्या वाटेवर मित्र ताक पिण्याच्या निमित्ताने बसला आणि मला बघून हसला. ते हसू मी ओळखतो. मी त्याच्यासोबत थांबलो, कारण खरं सांगायचं तर मलाही थांबायचं होतं. आम्ही पुणे दरवाज्यात पोचलो तेव्हा आमचा पोरगा वर जाऊन झोपडीत बसलेला. समोर पिठलं-भाकरीची रिकामी ताटली, शेजारी मडक्यातलं दही. दुसरी भाकरी मागवू का, असं त्याने मला नजरेनंच विचारलं. मी त्या बाईंना सांगितलं, ‘‘मावशी, याला अजून दोन वाढा.’’ मित्र म्हणाला, ‘‘मला नको, मी रात्री शेक घेणारे.’’